अमानुल्ला कोसळले, केमाल टिकले

अफगाणिस्तानचे राजे अमानुल्ला डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईहून बोटीने युरोपच्या दौऱ्यावर निघाले. दीड वर्षाने ते पुन्हा मुंबईत आले ते गादी गमावून. इटलीला जाण्याआधी त्यांना इथेच मुलगी झाली. तिचं नाव इंडिया. आधुनिक कायदे आणू पाहणाऱ्या अमानुल्लांच्या पाडावावरून आजही घाईने म्हटलं जातं की मुस्लिम समाजाला आधुनिक कायदे पचत नाहीत. मला ते पटत नाही. त्याच दशकात तुर्कस्तानात मुस्तफा केमाल यांनी याहून कितीतरी मोठी उलथापालथ केली आणि ती निभावून नेली.

१९२४ मध्ये खिलाफत बरखास्त, १९२६ मध्ये स्विस धर्तीचा नागरी कायदा, १९२८ मध्ये लॅटिन लिपी. विरोध झालाच. १९२५ चं कुर्द धर्मगुरू शेख सईद यांचं बंड लष्कराने निर्दयपणे चिरडलं. पण कायदा गावापर्यंत नेणारे अधिकारी, शिक्षक, न्यायाधीश केमाल यांना आयते मिळाले होते. ती फळी १८३९ मध्ये ओटोमन सुलतानांनी सुरू केलेल्या ‘तंझिमात’ या प्रशासकीय सुधारणांपासून घडत आली होती. शिवाय स्वातंत्र्ययुद्ध जिंकलेलं सैन्य पाठीशी होतं.

अमानुल्लांकडे यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. १९१९ मध्ये इंग्रजांशी लढून त्यांनी पूर्ण स्वातंत्र्य मिळवलं, पण त्याबरोबर इंग्रजांकडून दरवर्षी येणारा पैसाही थांबला. शाळा आणि नव्या खात्यांचा खर्च शेतकऱ्याच्या करातून निघू लागला. सैनिकांचे पगार कापले गेले, टोळीप्रमुखांचे तनखे आटले. म्हणजे ज्यांच्या जोरावर कायदा राबवायचा, तेच दुखावले. बालविवाहबंदी, मुलींच्या शाळा, १९२३ ची राज्यघटना ही पावलं योग्यच होती. १९२४ मध्ये आग्नेय अफगाणिस्तानातल्या खोस्तला मंगल टोळी उठली तेव्हा काही कलमं मागे घ्यावी लागली. तो इशारा पुरेसा स्पष्ट होता. तरी दौऱ्याहून परतल्यावर १९२८ च्या लोया जिरग्यात, म्हणजे देशभरातल्या प्रतिनिधींच्या महासभेत, त्यांनी टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांना युरोपीय कोट-पाटलोणी चढवायला लावल्या! नोव्हेंबरात शिनवारी टोळीवाले उठले. त्यांच्या मागण्यांत कर कमी करण्याचीही मागणी होती, हे सहसा सांगितलं जात नाही. जानेवारी १९२९ मध्ये बंडखोर हबीबुल्ला कलकानीने काबूल घेतलं.

ट्युनिशियात स्वातंत्र्यलढ्याचे नेते हबीब बुर्गिबांनी १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली. पत्नींना समान न्याय देण्याच्या कुराणातल्या अटीचाच त्यांनी आधार घेतला. स्वातंत्र्यलढ्यातून उभा राहिलेला पक्ष आणि कामगार संघटना सोबत होत्या. तो कायदा आजही आहे.

खुद्द काबूलमध्येही हा विषय तिथेच थांबला नाही. पंतप्रधान दाऊद खान यांनी आधी सोव्हिएत मदतीने सैन्य उभं केलं. मग १९५९ च्या स्वातंत्र्योत्सवात मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पत्नी बुरख्याविना व्यासपीठावर आल्या. कुणावर सक्ती केली नाही. विरोध करणाऱ्या मुल्लांना तुरुंगात टाकलं. कंदाहारमध्ये दंगल झाली तेव्हा सैन्याने ती मोडली. सरकार टिकलं. शहरांबाहेरच्या अफगाणिस्तानात मात्र या बदलाची झळ फारशी पोहोचलीच नाही.