कॅबरने-मर्लो म्हणजे भेसळ नव्हे

मालवणात जेवताना कुणी रेड वाइन मागवली की एखादा जाणकार हमखास सांगतो: मिश्र बाटली घेऊ नका, उरलंसुरलं एकत्र ओतलेलं असतं.

साफ चूक. फ्रान्सच्या बोर्दो या वाइन-प्रदेशात मिश्रण हीच परंपरा आहे. कॅबरने नि मर्लो या तिथल्या द्राक्षांच्या दोन जाती. कॅबरनेची साल जाड, म्हणून तुरटपणा नि टिकाऊपणा जास्त. पण ते उशिरा पिकतं. मर्लो आधी पिकतं, चवीला मऊ. अवेळी पावसात एक फसलं तर दुसरं सावरतं. (आंबा बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको!) रस सहसा वेगवेगळे आंबवून, चाखून मग प्रमाण ठरतं. बोर्दोतल्याच मेदोक भागात कॅबरने वरचढ, पोमेरोल भागात मर्लो.

तिखट सुरमईसोबत मात्र तुरट कॅबरने टाळा, झोंबतं.