बॅथिनोमस

संधिपाद संघातील कवचधारी प्राण्यांच्या आयसोपोडा गणातील खोल समुद्रवासी प्रजाती. हिच्या सुमारे वीस जाती ज्ञात असून बॅथिनोमस जायगँटियस ही त्यांतील सर्वांत परिचित होय. मेक्सिकोच्या आखातात मिळालेल्या नमुन्यावरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फाँस मिल्न-एडवर्ड्स यांनी १८७९ मध्ये तिचे वर्णन केले.

सातारा जिल्ह्याला समुद्रकिनारा नसला, तरी या प्राण्याचे नातलग तेथे विपुल आहेत. महाबळेश्वर व कोयना परिसरातील जंगलांतल्या कुजत्या पालापाचोळ्यात किंवा वाईच्या एखाद्या परसात कुंडीखाली सापडणारे, बोटाच्या पेराहून लहान असे राखाडी जीव याच गणातले होत. (हात लागताच वेटोळे करणारा पैसा मात्र निराळा, त्याच्या बहुतेक खंडांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, तर यांना चालण्याचे पाय एकूण सात जोड्याच असतात.) पाठीवर एकमेकांवर चढलेले कवचाचे पट्टे, आधी मागचा व नंतर पुढचा अशा दोन टप्प्यांत कात टाकण्याची रीत, मादीच्या पोटाखालची अंडी वाढवण्याची पिशवी आणि पायांची शेवटची जोडी नसतानाच तिच्यातून बाहेर पडणारी पिले, हे सारे दोहोंत समान आहे. फरक पडतो तो आकारमानात. बॅथिनोमस जायगँटियसची लांबी सामान्यतः १९ ते ३६ सेंमी. असते आणि सुमारे ५० सेंमी. लांबीचे, १.७ किग्रॅ. वजनाचे नमुनेही नोंदले गेले आहेत. अतिथंड पाण्यात वाढ सावकाश पण दीर्घकाळ होते, तसेच मोठ्या शरीरात उपासाच्या काळासाठी अधिक साठा राहतो, अशी या वाढीची दोन स्पष्टीकरणे दिली जातात.

दुसरे स्पष्टीकरण त्याच्या जीवनक्रमाशी अधिक जुळते. जंगलातल्या नातलगाला पालापाचोळ्याची वानवा नसते. शेकडो मीटर खोलीवरील काळोख्या तळाशी मात्र वरून काय केव्हा पडेल याचा नेम नाही. मेलेले देवमासे, इतर मासे व माखली हे त्याचे मुख्य अन्न होय. ते शोधताना लांब शृंगिका उपयोगी पडतात. सुमारे ४,००० भिंगिका असलेल्या संयुक्त डोळ्यांमागे प्रकाश परावर्तित करणारा थरही असतो. २०१९ मध्ये संशोधकांनी मेक्सिकोच्या आखातात सुमारे २ किमी. खोलीवर मगरवर्गीय अ‍ॅलिगेटरचे मृतदेह सोडले, तेव्हा एका दिवसाच्या आतच हे प्राणी तेथे जमून ते पोखरू लागले. तरीही त्याला केवळ मृतभक्षक म्हणणे अपुरे ठरते, कारण समुद्रकाकडीसारखे संथ सजीव व जाळ्यात अडकलेले मासेही तो खातो. उपाशी राहण्याची त्याची क्षमता विलक्षण आहे. जपानमधील तोबा मत्स्यालयातील एका प्राण्याने २ जानेवारी २००९ नंतर अन्न घेतले नाही आणि तो १४ फेब्रुवारी २०१४ रोजी मेला. बंदिवासातील या एका उदाहरणावरून नैसर्गिक स्थितीबद्दल नियम काढता येत नाही, परंतु शरीरव्यापार किती मंद असू शकतो हे त्यावरून दिसते.

जायगँटियस ही जाती पश्चिम अटलांटिकातील आहे. हिंदी व पॅसिफिक महासागरांत इतर जाती आढळतात. कोकणातून सातारा-सांगलीच्या बाजारांत येणारी मासळी प्रामुख्याने उथळ पाण्यातली असल्याने तेथे हा प्राणी दिसत नाही. व्हिएतनाममध्ये मात्र त्याचे मांस आवडीने खाल्ले जाते आणि २०२५ मध्ये वर्णिलेल्या बॅथिनोमस वेडरी या जातीचे नमुनेही तेथील मासेविक्रीतूनच अभ्यासकांच्या हाती आले.