एकरी एक घर की एकरी आठ?

वॉशिंग्टन शहराला लागून, मेरीलँड राज्यात माँटगोमेरी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. १९७० च्या दशकात तिथल्या ग्रामीण भागात पाच एकरांत एकच घर बांधायचा नियम होता. कागदावर नियम कडक दिसतो. प्रत्यक्षात राजधानीत नोकरी करणाऱ्या सुखवस्तू मंडळींना पाच एकरांचा प्लॉट सहज परवडायचा, आणि शेतांचे तुकडे पडत गेले. पाच एकरांत तिथली यांत्रिक शेती परवडत नाही आणि रानही टिकत नाही. उरते ती लॉनची हिरवळ.

विरळ वस्ती निसर्गाला बरी, हा समज पाण्याच्या हिशेबात कसा फसतो ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ साली एक गणित मांडलं. एकरी एक घर बांधलं तर छप्पर, रस्ते, फरसबंदी मिळून साधारण २० टक्के जमीन झाकली जाते. एकरी आठ घरं बांधली तर ६५ टक्के. म्हणजे एकरी पाहिलं तर दाट वस्ती वाईटच. पण दर घरामागे पाहा. पहिल्या प्रकारात एका घरामागे वर्षाला सुमारे ५.३ लाख लिटर पावसाचं पाणी न मुरता वाहून जातं, दुसऱ्यात १.४ लाख. कारण सरळ आहे: घरं लांब लांब असली की प्रत्येकापर्यंत रस्ता न्यावा लागतो. शिवाय यंत्रांखाली दडपलेल्या लॉनच्या मातीत पाणी म्हणावं तसं मुरत नाही.

आता दहा हजार घरं बांधायची आहेत असं धरा. एकरी एक म्हटलं तर दहा हजार एकर गेले. एकरी आठ म्हटलं तर १,२५० एकरांत काम भागलं. ओढ्यांच्या पाणलोटातली साधारण १० टक्क्यांहून जास्त जमीन झाकली गेली की त्यातले किडे, मासे कमी होऊ लागतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. विरळ वस्तीत ही मर्यादा सगळ्याच दहा हजार एकरांत ओलांडली जाते. दाट वस्तीत १,२५० एकरांतल्या ओढ्याची वाट लागते, हे मान्यच करायला हवं. पण बाकीचे ८,७५० एकर सुटतात, अर्थात तिथे पुढे कुणी बांधणार नसेल तरच.

ते ‘तरच’ माँटगोमेरीने १९८० साली हाताळलं. सुमारे ९३,००० एकर, म्हणजे काउंटीचा जवळपास एक तृतीयांश भाग, शेतीसाठी राखून ठेवला आणि पाचाऐवजी २५ एकरांत एक घर असा नियम केला. शेतकऱ्याची जमीन एका रात्रीत स्वस्त झाली असती. म्हणून दर पाच एकरांमागे बांधकामाचा एक हक्क त्याच्या नावावर ठेवला. तो त्याने शहराकडच्या बिल्डरला विकायचा, आणि बिल्डरने ठरवून दिलेल्या भागात त्या बळावर नेहमीपेक्षा जास्त घरं बांधायची. आपल्या बोलीत सांगायचं तर टीडीआर, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरणं. शंभर एकरवाल्याकडे २० हक्क. शेतावर चार घरांची मुभा हवी असेल तर चार ठेवायचे आणि १६ विकायचे. जमीन त्याचीच राहते, नांगरही त्याचाच चालतो. या वाटेने ५०,००० हून जास्त एकर राखले गेले.

खोट होती ती त्या राखलेल्या चार हक्कांत. पुढे त्यांवर मोठाले बंगले उठू लागले, तेव्हा ते हक्क जास्त किंमत देऊन मिटवण्याची वेगळी योजना आणावी लागली. दुसरं दुखणं शहराच्या टोकाला: आमच्या शेजारी दाटी नको, म्हणून तिथले रहिवासी अडून बसत. वाढीव घरं रिचवायला जागा नसेल तर शेतकऱ्याच्या हातातला हक्क म्हणजे नुसता कागद.

महाराष्ट्रात टीडीआर नवा नाही. मुंबईत तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून आहे. पण आपण त्याच्याच पोटावर पाय देत आलो. बिल्डरला वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा, अधिमूल्य (जादा शुल्क) भरून थेट सरकारकडून मिळतं. मुंबईत २०१२ पासून निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे असंच जादा चटई क्षेत्र, विकत मिळू लागला. सरकारी तिजोरीला ते सोयीचं, पण दुकान शेजारीच उघडल्यावर टीडीआरला भाव कुठून येणार?

पुण्याच्या टेकड्यांचं त्रांगडं याहून मोठं. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण पडलं. मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर. शंभर चौरस मीटर द्या, आठ चौरस मीटरचा हक्क घ्या, आणि जमीनही सोडा. माँटगोमेरीचा शेतकरी हक्क विकून जमिनीचा मालक राहतो. इथे सातबाऱ्यावरचं नावच जातं. मग मालक तिथे गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पाडून विकतात आणि बेकायदा बांधकामं होतात, यात नवल ते काय? जमीन मालकाकडेच राहू देऊन फक्त बांधकामाचा हक्क विकत घेतला, आणि मेट्रो स्थानकांभोवतीचं वाढीव बांधकाम आधी त्या हक्कांवरच द्यायचं ठरवलं, तर टेकडीवाल्याला गिऱ्हाईक तरी मिळेल.