मांडवी-झुआरीतल्या प्राणीप्लवकांचं वर्ष कसं कळत गेलं

सुका जवळा भाजून कांदा-कोकम घालून आपण सगळ्यांनी खाल्लाय, पण हा जवळा म्हणजे प्रवाहासोबत थव्याने वाहत येणारी इवलीशी कोलंबी, म्हणूनच कोळी लोक डोल जाळं भरती-ओहोटीच्या धारेत बांधून ठेवतात. प्राणीप्लवक म्हणजे झूप्लँक्टन, ते असंच वाहणारं जग, फक्त बहुतेक त्याहून कितीतरी बारीक. बाटलीतला थेंब मायक्रोस्कोपखाली धरला की दिसतात ते मुख्यतः कोपेपॉड, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, पुढे दोन लांब मिशा.

आपल्या समुद्रातल्या कोपेपॉडची नावनिशी सेवेल या प्राणीशास्त्रज्ञाने 1929-32 मधे छापली होती. मोठं काम झालं ते 1959-65 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत, त्यात आपल्या नेव्हीचं किस्तना जहाजही होतं. सगळ्या जहाजांनी एकच जाळं वापरायचं ठरलं, तोंड 1 चौरस मीटर, जाळी 0.33 मिमीची, 200 मीटरपासून वर ओढायचं, आणि नमुने कोचीनला निवडून वेगळे केले जायचे. फार मोलाचं काम, पण किनाऱ्याजवळ मुळात 200 मीटर खोलीच नाही, आणि जहाज एकदा येऊन गेलं की त्या जागी पुढच्या महिन्यात काय झालं ते कोण बघणार?

त्यासाठी एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणारी माणसं लागतात. 1 जानेवारी 1966 ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली आणि पुढे गोव्यात दोना पावलाला आली, मांडवी आणि झुआरीच्या मुखांच्या मधोमध. मग सत्तरच्या दशकापासून नमुने घेत घेत चित्र उलगडलं, की इथे खरं राज्य खारेपणाचं आहे. मे महिन्यात समुद्राचं पाणी नदीत पार आतपर्यंत शिरलेलं असतं आणि समुद्री जातीही त्याच्यासोबत वर जातात, मग जूनमधे पाऊस लागला की मांडवी गढूळ आणि गोडी होते, खारं पाणी जड म्हणून तळाला राहतं, समुद्री जाती मुखाकडे ढकलल्या जातात आणि आत राहतात ते गोडं पाणी सोसणारे मोजके. ऑक्टोबरपासून खारं पाणी परत हळूहळू भरायला लागतं. झुआरीत पुराचं पाणी कमी येतं म्हणून शेजारी असूनही दोघींचं वर्ष सारखं नाही. कोचीनच्या बॅकवॉटरमधे तर 1971 मधेच ट्रँटर आणि अब्राहम या संशोधकांनी दाखवलं होतं की अकार्टिया नावाच्या कोपेपॉडच्या जवळच्या जातीसुद्धा खारेपणाप्रमाणे जागा आणि महिने वाटून घेतात, मला हे आजही फार सुंदर वाटतं.

याउलट खुल्या अरबी समुद्रात वरच्या थरातलं प्राणीप्लवकांचं वजन वर्षभर फारसं हलत नाही असं नव्वदच्या दशकात दिसलं, त्याला 'अरबी समुद्राचा पॅराडॉक्स' म्हणतात. गोव्यातल्याच कांदोळीच्या किनाऱ्यासमोर 1997 पासून एका ठरलेल्या जागी मोजमाप सुरू झालं, तिथे पावसाळ्याच्या शेवटी तळाचा ऑक्सिजन संपतो. जुने आकडे नव्यांशी जुळवताना मात्र जाळीचं माप आधी बघा, 0.33 मधून ऑयथोनासारखे छोटे कोपेपॉड सरळ निसटून जातात.