रॉ फोटो फिका का दिसतो आणि ‘ऑटो-मॅच्ड कर्व्ह’ नेमकं काय करतो

‘मी रॉमध्ये फोटो काढतो, त्याला कसलाही हात लावलेला नसतो,’ असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली कच्ची फाइल, उघडणारं रॉथेरपी हे सॉफ्टवेअर नव्याने वापरायला घेतलेला जवळपास प्रत्येक जण विचारतो, की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसलेला फोटो इथे उघडल्यावर असा मळकट का झाला? पहिल्या वाक्यातला गैरसमज दूर झाला की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यात नावेतून काढलेले रोहित पक्ष्यांचे माझे फोटो घेऊ. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पंखांची लाली खुललेली होती. रॉथेरपीमध्ये ‘न्यूट्रल’ प्रोफाइल (प्रोफाइल म्हणजे सेटिंग्जचा तयार संच) लावून उघडल्यावर तेच पक्षी राखेत लोळून आल्यासारखे दिसले. फोटो बिघडला नव्हता. मी दोन वेगवेगळ्या गोष्टी पाहत होतो.

रॉ फाइल हे चित्र नसतं, आकड्यांचा तक्ता असतो. १४ बिटच्या कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलला ० ते १६३८३ यांपैकी एक आकडा मिळतो आणि तो फक्त प्रकाश किती पडला एवढंच सांगतो. रंग कळावा म्हणून पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळालं. तिच्यात निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा एकच रंग मोजलेला, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले. त्यानंतर व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचं प्रमाण जुळवण्याचा, गुणाकार होतो. तो केला नाही तर बहुतेक फोटो हिरवट दिसतो. मग आकडे डोळ्यांच्या सवयीला जुळवावे लागतात. अंधाऱ्या खोलीत एका पणतीशेजारी दुसरी लावली तर लगेच जाणवते, शंभर पणत्यांत एक वाढली तर कळतही नाही. सेन्सर मात्र दोन्ही वेळी सारखीच वाढ नोंदवतो. फक्त १८ टक्के प्रकाश परत फेकणारा करडा कागद आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या साधारण मध्यावरचा वाटतो, तो यामुळेच.

थोडक्यात, हात न लावलेला रॉ फोटो कुणी पाहिलेलाच नसतो. ‘न्यूट्रल’सुद्धा ही सगळी कामं करतो, फक्त त्यापुढची सजावट करत नाही. कॅमेरा ती करतो: मधल्या छटा उजळतो, सावल्या दाबतो, रंग गडद करतो, आणि त्यातून जेपेग बनवतो. रॉ काढताना स्क्रीनवर दिसतो तो हाच जेपेग, आणि त्याची एक प्रत रॉ फाइलच्या पोटात ठेवलेली असते.

याच प्रतीचा उपयोग रॉथेरपीने फार सुंदर केला आहे. बुडापेस्टच्या गाबोर होर्वात यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर जानेवारी २०१० मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या सोबत मिळणाऱ्या तयार प्रोफाइलमध्ये ‘ऑटो-मॅच्ड कर्व्ह’ नावाचं एक कुटुंब आहे. कर्व्ह म्हणजे आत आलेला उजेड बाहेर किती दाखवायचा हे ठरवणारी रेघ. कॅमेरा कंपनी आपली कृती सांगत नाही, पण पदार्थ समोर आहे आणि कच्चा मालही समोर आहे. मग कृती शोधायची कशी?

समजा, एकाच वर्गाचे पेपर दोन मास्तरांनी तपासले. एक कडक, दुसरे सढळ हाताचे. तुमच्याकडे दोघांच्या याद्या आहेत, पण त्यांत मुलांची नावं नाहीत, नुसते गुण आहेत. तरी दोन्ही याद्या उतरत्या क्रमाने लावा. कडक मास्तरांकडे दहाव्या मुलाला ५२ आणि सढळ मास्तरांकडे दहाव्याला ६८ असतील, तर इथले ५२ म्हणजे तिथले ६८. विसावा, तिसावा असं करत गेलात की गुण बदलण्याचं पूर्ण कोष्टक हाती येतं. हुशारीचा क्रम दोघांनीही सारखाच लावला, एवढीच अट.

पिक्सेलचंही तसंच. न्यूट्रल चित्र आणि पोटातला जेपेग, दोन्हींचे हिस्टोग्राम काढायचे, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते मोजायचं. मग डावीकडून बेरीज करत जायचं. समजा, उजेड ० ते २५५ मध्ये मोजला आणि न्यूट्रलमध्ये ४० टक्के पिक्सेल ७० च्या खाली आहेत आणि जेपेगमध्ये तेवढेच ४० टक्के ९५ च्या खाली. कर्व्हवरचा एक बिंदू मिळाला: आत ७०, बाहेर ९५. बेरीज कधी कमी होत नाही, म्हणून कर्व्हही नेहमी वर चढतो, मध्येच खाली वळत नाही. असे बिंदू जोडले की कॅमेऱ्याने लावलेल्या टोन कर्व्हचा चांगला अंदाज मिळतो. कुठला पिक्सेल कुठे आहे हे एकदाही विचारावं लागलं नाही!

मर्यादाही इथेच आहेत. काही कॅमेरे सावलीतला चेहरा तेवढाच उजळतात. तिथे पिक्सेलचा क्रम बदलतो आणि अट मोडते. शिवाय जुळतो तो उजेड, रंग नाही. कॅमेरा कृष्णधवल मोडवर ठेवून रॉ काढा आणि हा प्रोफाइल लावा. फोटो रंगीतच उघडेल, फक्त उजेड-सावल्या त्या कृष्णधवल चित्रासारख्या असतील. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावाच.

हा कर्व्ह प्रत्येक फोटोसाठी नव्याने काढला जातो, आणि विकत मिळणाऱ्या ‘पाचशे प्रीसेट (तयार सेटिंग्ज), एक क्लिक’ गठ्ठ्यांपेक्षा तो वेगळा आहे तो इथे. त्या गठ्ठ्यांत दुसऱ्या कुणी, दुसऱ्या उजेडात ठरवलेले ठरावीक आकडे असतात. सगळे पिवळे नारिंगीकडे ढकलणारा प्रीसेट समुद्रकिनाऱ्यावर शोभेल, हळदीच्या फोटोत मात्र हळदीचाच रंग घालवेल. आणि त्वचा ‘गोरी’ करून देणारे प्रीसेट फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. समोरच्या माणसाचा रंग ही चूक नाही, ती दुरुस्त करायची गरज नाही.

सुरुवात करताना प्रेफरन्सेसमध्ये रॉ फोटोंसाठी ‘ऑटो-मॅच्ड कर्व्ह – आयएसओ लो’ हा मूळ प्रोफाइल ठेवा. रात्रीच्या किंवा वाढवलेल्या आयएसओच्या (कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून काढलेल्या) फोटोंना ‘हाय’ लावून पाहा. तुम्ही केलेले बदल फोटोशेजारच्या पीपी३ फाइलमध्ये साठतात. ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. रॉ फाइलला धक्का लागत नाही, त्यामुळे मनसोक्त चुका करा. डार्कटेबल हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना अशा तयार जुळण्या ‘स्टाइल’ नावाने सापडतील.

माझ्या रोहितांना ऑटो-मॅच्ड कर्व्ह लावल्यावर उजेड जुळला आणि त्याबरोबर लालीही खुलली, पण पाठीवरची पांढरी पिसं एकसपाट झाली. ती कॅमेऱ्याच्या जेपेगमध्येही तशीच होती. सॉफ्टवेअरने मास्तरांची चूकसुद्धा इमानाने उतरवली होती. न्यूट्रलमध्ये मात्र पिसांच्या रेघा दिसत होत्या. मी कर्व्हचं वरचं टोक हाताने थोडं खाली ओढलं. मग तेवढा कर्व्हच एका अर्धवट प्रोफाइलमध्ये जतन केला, व्हाइट बॅलन्स मुद्दाम वगळून, कारण पुढच्या फेरीतले फोटो सूर्योदयाआधीचे होते आणि त्या पाण्याचा निळेपणा मला तसाच हवा होता.