पाणचक्की-निवास (फ्रान्स)

फ्रान्सच्या ग्रामीण भागात नदीकाठच्या बंद पडलेल्या पाणचक्क्या दुरुस्त करून त्या सुटीत राहण्यासाठी भाड्याने देण्याची पद्धत. फ्रेंचमध्ये पाणचक्कीला ‘मुलँ’ आणि खेड्यात भाड्याने मिळणाऱ्या स्वतंत्र घराला ‘झीत’ म्हणतात. पेरिगोर, नॉर्मंडी, बर्गंडी अशा लहान नद्यांच्या प्रदेशांत ही घरे विशेष आढळतात. एखादी खोली न्याहारीसह देणारे ‘शांब्र दोत’ हा वेगळा प्रकार आहे. तिथे जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ पाहुणे अशी कायद्याने मर्यादा आहे. झीतमध्ये मात्र घर पाहुण्यांच्याच ताब्यात असते, स्वयंपाकही त्यांनीच करायचा.

सरंजामी काळात अनेक ठिकाणी गावकऱ्यांना जमीनदाराच्याच चक्कीवर दळण न्यावे लागे आणि दळणावळ म्हणून धान्याचा वाटा तिथेच काढून घेतला जाई. फ्रेंच राज्यक्रांतीत ही सक्ती गेली, पण चक्क्या चालूच राहिल्या. गव्हाबरोबर अक्रोडाचे तेल काढणे, कागदासाठी चिंध्या कुटणे, लाकूड कापणे अशी कामेही पाण्यावर होत. पॅरिसच्या पूर्वेकडील ला फेर्ते-सू-झुआर येथील जात्याचे दगड दूरदेशी निर्यात होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि दगडी जाती मागे पडली. १९३० च्या दशकात सरकारने गिरण्यांना दळणाचे कोटे ठरवून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडू लागली, तशी उरलेल्यांपैकी बहुतेक लहान चक्क्यांनाही कुलपे लागली.

त्याच सुमारास पडक्या शेतघरांना पर्यटनातून जीवदान देण्याची कल्पना पुढे आली. सिनेटर एमिल ओबेर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये आल्प्सच्या दक्षिण भागात पहिले झीत सुरू झाले आणि १९५५ मध्ये ‘झीत द फ्रांस’ हा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. महासंघाची घरांची प्रतवारी ताऱ्यांऐवजी गव्हाच्या लोंब्यांत होते. चक्कीच्या दारावर लोंब्यांची ती पाटी शोभून दिसते. सरकारी वर्गवारी वेगळी, ती १ ते ५ ताऱ्यांची आणि ५ वर्षांपुरती असते.

जुन्या चक्कीची रचना पाण्याच्या वाटेवरून समजते. नदीवर बुटका दगडी बंधारा, त्याने चढवलेले पाणी चक्कीकडे नेणारा पाट, पाटाच्या तोंडाशी वर-खाली होणारी लाकडी दारे आणि जादा पाण्यासाठी सांडवा. चाकाच्या अलीकडे लोखंडी गजांची जाळी असते. पानगळीत ती पाला-काटक्यांनी तुंबते आणि मालकाला दाताळे घेऊन ती उपसावी लागते. वेळेवर उपसली नाही तर पाटातले पाणी काठ ओलांडते. आत तळमजल्यावर दातेरी चाके, त्यांच्या वर जात्याचे गोल दगड, म्हणजे तळ्या. दुरुस्तीत तळ्यांचा मजला बहुधा बैठकीची खोली होतो. छिन्नीने टाकी लावण्याजोगी राहिली नाही ती तळी अंगणात टेबल म्हणून येते. काही मालक चाकाच्या खड्ड्यावर जाड काच बसवून खालचे पाणी दिसू देतात. काच नेत्रदीपक खरी, पण दमट हवेत ती धुकटते. भिंतींना चुन्याचा गिलावाच योग्य ठरतो. सिमेंट लावले की ओल आतच कोंडते आणि दोन-तीन हिवाळ्यांत पोपडे धरतात. पुराची सवय असलेल्या चक्कीत विजेची बटणे छातीच्या उंचीवर असतात आणि दाराच्या चौकटीवर जुन्या पुरांच्या खुणा सालासकट कोरलेल्या सापडतात. घर पाहायला गेलेल्याने जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा या खुणांवर जास्त विश्वास ठेवावा.

पाहुणे भाडे मोजतात ते पाण्यासाठी, आणि मालकाची डोकेदुखीही तेच पाणी असते. बहुतेक लहान नद्यांवर क्रांतीपूर्वी अस्तित्वात असलेल्या चक्कीला तिचा पुरातन जलहक्क, म्हणजे पाण्याची शक्ती वापरण्याचा हक्क, आजही लागू आहे. १९१९ च्या जलशक्ती कायद्यानेही जुन्या लहान चक्क्यांचे हक्क राखले. २००४ च्या एका निकालात फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटले, की चक्की वापरात नाही एवढ्यावरून हा हक्क संपत नाही. बांधकाम असे ढासळले की पाण्याची शक्ती वापरताच येऊ नये, तेव्हाच तो संपतो. त्यामुळे बंधारा टिकवणे ही केवळ हौस राहत नाही. हक्काबरोबर बंधनेही येतात. नदीच्या सरासरी प्रवाहाच्या साधारण एक दशांश पाणी मूळ पात्रात सोडावेच लागते.

खरा वाद माशांवरून आहे. २००६ च्या जलकायद्यानंतर बाम व सॅल्मन मासे आणि वाहत्या गाळाला नदीत मोकळी वाट मिळावी म्हणून सरकारी यंत्रणेने अनेक जुने बंधारे पाडण्यास प्रोत्साहन दिले. चक्कीमालकांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. मासेमारांच्या आणि पर्यावरणवाद्यांच्या संघटना बहुतांशी दुसऱ्या बाजूला होत्या. दोन्ही बाजूंना थोडेथोडे तथ्य आहे. शेकडो वर्षांच्या बंधाऱ्याभोवती स्वतःची जीवसृष्टी तयार झालेली असते, तर बामीला चढता न येणारी भिंत ही बामीच्या दृष्टीने भिंतच. ऑगस्ट २०२१ च्या हवामान कायद्याने पाणचक्क्यांपुरता तोल मालकांकडे झुकवला. माशांसाठी वाट किंवा पाटाच्या दारांचे नियमन करता येते, पण या कारणासाठी बंधारा पाडायला लावता येत नाही.

व्यवहार साधा असतो. उन्हाळ्यात बुकिंग बहुधा शनिवार ते शनिवार. अनामत, साफसफाईचे पैसे आणि माणशी पर्यटनकर वेगळा. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, हे आधी विचारावे. मालकाला घराची सरकारी नोंद करावी लागते. २०२४ च्या कायद्याने वर्गवारी नसलेल्या घरांची करसवलत ३० टक्क्यांवर आणली, त्यामुळे तारे घेण्याकडे मालकांचा कल वाढला. लहान मुले बरोबर असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००३ च्या कायद्याने खाजगी पोहण्याच्या तलावाला कुंपण, गजर किंवा आच्छादन सक्तीचे केले. चक्कीचा पाट त्या कायद्यात बसत नाही. पाट खोल असतो, काठ निसरडे असतात आणि पाटाच्या दारांपाशी ओढ जबर असते. म्हणून बहुतेक मालक दारांना साखळी घालतात आणि पाऊस वाढला की स्वतः येऊन ती उघडतात, मग घरात पाहुणे असोत वा नसोत.