तंतुकणिकेतील घड्या आणि त्यांच्याशी निगडित आजार

तंतुकणिका हे पेशीतील दुहेरी पटल असलेले अंगक आहे. बाहेरचे पटल सपाट असते, आतल्या पटलाला असंख्य घड्या असतात. श्वसनाच्या शेवटच्या टप्प्यात एटीपी हा ऊर्जावाहक रेणू या घडीदार पटलावरच तयार होतो. ‘मायटोकॉन्ड्रिया’ हे नाव जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये ग्रीक शब्दांवरून बनवले. त्यातल्या ‘मायटॉस’चा अर्थ धागा, ‘कॉन्ड्रिऑन’चा अर्थ कण. मराठी नाव त्याचेच सरळ भाषांतर.

शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका घेवड्याच्या बीसारखी दिसते, आत एक नागमोडी रेघ. कोल्हापुरातली मुलेही ती परीक्षेत अशीच काढतात. रेघ गुण मिळवून देते, पण घड्या म्हणजे जागा वाढवण्याची नुसती युक्ती, असा समजही पक्का करते. प्रत्यक्षात घडीचा आकार, तिच्या तोंडाची रुंदी आणि ती जागेवर धरून ठेवणारी प्रथिने यांपैकी काहीही बिघडले, तर डोळा, हृदय, स्नायू किंवा मेंदू आजारी पडू शकतो.

घड्यांचा शोध

साध्या सूक्ष्मदर्शकातून तंतुकणिका ठिपक्याएवढीच दिसते. पदवीच्या प्रात्यक्षिकात गालाच्या आतून खरवडलेल्या पेशींवर जेनस ग्रीन बी हा रंग टाकला की निळसर-हिरवे कण उठून दिसतात, त्यापलीकडे काही नाही. आतले पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला, आणि त्याहून अवघड होते ते पेशी न बिघडवता टिकवणे. रुमानियात जन्मलेल्या जॉर्ज पलाडे (१९१२–२००८) यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हा प्रश्न सोडवला. पेशी टिकवण्यासाठी वापरायचे ऑस्मियम टेट्रॉक्साइड या रसायनाचे द्रावण आम्लधर्मी होऊ दिले नाही, तर नाजूक पटले जशीच्या तशी राहतात हे त्यांनी दाखवले. या मिश्रणाला ‘पलाडेंचे लोणचे’ असे टोपणनाव पडले. मिठाचे प्रमाण चुकले की कैरीची फोड मऊ पडते हे ज्यांनी घरी पाहिले आहे, त्यांना या कामातली अचूकता वेगळी सांगायला नको.

१९५२ मध्ये पलाडेंनी आतल्या पटलाच्या घड्यांचे वर्णन केले आणि त्यांना ‘क्रिस्टा’, म्हणजे लॅटिनमध्ये तुरा, असे नाव दिले. स्वीडनचे फ्रिट्योफ स्योस्ट्रांड यांना मात्र त्या आडव्या भिंती वाटत होत्या. पलाडेंचे चित्र पाठ्यपुस्तकांत रुळले. त्यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. पण १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने त्रिमितीय चित्रे मिळू लागली, तेव्हा तेही अपुरे ठरले. पलाडेंच्या चित्रातली घडी नऊवारीच्या निरीसारखी होती, तोंडाशी सरळ उघडी. खरी घडी बटव्यासारखी निघाली. आत ऐसपैस, तोंडाशी नाडीने आवळलेली.

बटव्याची नाडी

नाडीचे काम करणारा मिकॉस नावाचा प्रथिनसमूह २०११ मध्ये ओळखला गेला. घडीच्या तीव्र वळणांवर एटीपी बनवणाऱ्या एटीपी सिंथेज या विकराच्या जोड्या रांगेने बसलेल्या असतात, आणि पटलाला वाकवण्यात त्यांचाच मोठा वाटा असतो. म्हणजे इथले यंत्र स्वतःची इमारतही घडवते.

या यंत्राची उपमा कोल्हापूरकरांच्या ओळखीची आहे. राधानगरीच्या लक्ष्मी तलावात अडवलेले पाणी वीजगृहातून सोडले की चक्र फिरते. तंतुकणिकेत अडवलेले असतात प्रोटॉन. अन्नातून मिळालेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर ते घडीच्या पोकळीत ढकलले जातात, आणि एटीपी सिंथेजमधून परत येताना त्या विकराचा दांडा खरोखरच गोल फिरतो. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा फार थोड्यांना पटली. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळाले. उपमा एका जागी तोकडी पडते. धरणाची भिंत एकदा बांधली की तशीच राहते, घडीची भिंत मात्र पेशीच्या गरजेनुसार सतत बदलत असते.

बटव्यात आणखी एक जिन्नस जपून ठेवलेला असतो, सायटोक्रोम सी. एरवी तो इलेक्ट्रॉनांची ने-आण करतो, पण तंतुकणिकेबाहेर पडला तर पेशीला मरणाची आज्ञा मिळते. २००२ मध्ये लुका स्कोरानो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मरणाचा संकेत मिळताच घड्यांची रचना पालटते, त्यांच्या तोंडाशी असलेल्या अरुंद माना रुंदावतात आणि साठा मोकळा होतो. या विषयातले हे मला सर्वांत महत्त्वाचे काम वाटते, कारण आकार आणि पेशीचे जगणे-मरणे यांचा थेट धागा त्यात हाती लागतो.

आजार

शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, १९६२ मध्ये, स्वीडनचे रॉल्फ लुफ्ट यांनी एका स्त्री रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती भरपूर जेवायची, तरी कृश होती. तिला सतत घाम यायचा. अशा वेळी संशय थायरॉइडवर जातो, पण तिचे थायरॉइड ठीक होते. स्नायूचा तुकडा तपासला तेव्हा तंतुकणिका संख्येने फार जास्त, आकाराने विचित्र आणि घड्यांनी गच्च भरलेल्या आढळल्या. अन्न जळत होते, पण एटीपी बनण्याशी त्या जळण्याचा मेळ सुटला होता. ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात होती. आजाराचे मूळ तंतुकणिकेत असल्याचे दाखवणारा हा पहिला वृत्तांत. आजार अत्यंत दुर्मिळ, तरी एक नवी वैद्यकशाखाच त्यातून उभी राहिली.

घडीची मान आवळून धरणारे दुसरे प्रथिन ओपीए-१. त्याच्या जनुकातील दोषामुळे दोन्ही डोळ्यांची दृष्टी लहानपणापासून हळूहळू मंदावते, हे २००० मध्ये कळले. बार्थ लक्षणसमूहात कार्डिओलिपिन हा आतल्या पटलाचा खास मेद नीट घडत नाही. घड्या विस्कटतात आणि मुख्यतः मुलग्यांचे हृदय व स्नायू दुबळे होतात. (सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएल रक्ततपासणीत वापरतात तो हाच मेद.) पार्किन्सन आणि मधुमेहातही तंतुकणिका बिघडलेल्या दिसतात. पण तो बिघाड प्रत्येक वेळी कारण असतो की परिणाम, हे ठरलेले नाही, म्हणून ‘तंतुकणिका सुधारणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींवर विसंबू नये.

आनुवंशिकता

तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो. त्यात १६,५६९ बेसजोड्या, ३७ जनुके आणि त्यांपैकी १३ प्रथिनांची. हा डीएनए आईकडूनच येतो. त्यातील दोषांमुळे माणसे आजारी पडतात हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. लेबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दृष्टिरोगात बहुधा तरुण मुलग्याची नजर काही आठवड्यांत, वेदना न होता जाते. पण तंतुकणिकेतील हजाराहून अधिक प्रथिनांची जनुके केंद्रकात असतात, आणि ती आई-वडील दोघांकडून येतात.

कोल्हापूर परिसरात हा फरक फार कामाचा आहे. मामाच्या मुलीशी लग्न इकडे रीतीला धरून मानले जाते. अशा जोडप्याचे एक आजी-आजोबा सामाईक असल्याने एकच सदोष केंद्रकीय जनुक बाळाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता वाढते; ली (Leigh) लक्षणसमूहासारखे बालपणीचे अनेक गंभीर आजार अशाच वाटेने येतात. तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएतील दोष मात्र अशा लग्नामुळे वाढत नाहीत. म्हणून वंशावळ विचारताना नात्यातले लग्न आणि आईच्या माहेरचे आजार, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. आणि दोष आईकडून आला, याचा अर्थ आईने काही चुकीचे केले असा मुळीच होत नाही. हे सासरच्या माणसांसमोर स्पष्ट शब्दांत सांगणे उपचाराचाच भाग आहे.

निदान आणि उपचार

डोळे, कान, स्नायू, साखर अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या तक्रारी एकाच माणसात किंवा एकाच घरात दिसल्या, तर तंतुकणिकेचा विचार करावा. रक्तातील लॅक्टेट, स्नायूची बायॉप्सी आणि जनुकतपासणी यांवरून निदान होते. मूळ दोष दूर करणारे उपचार अजून बहुतेक आजारांत नाहीत. लेबर दृष्टिरोगासाठी आयडेबेनोन या औषधाला युरोपात २०१५ मध्ये मान्यता मिळाली. काही औषधे उलट घातक ठरतात. पीओएलजी या, तंतुकणिकेच्या डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराच्या जनुकात दोष असलेल्या मुलाला आकडीसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट दिले तर यकृत निकामी होऊ शकते. त्यामुळे घरात असा आजार असल्यास आकडी आलेल्या मुलाला दवाखान्यात नेताना ती माहिती डॉक्टरांना आधी सांगावी.